पेटी कायम भरलेली

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फुफ्फुसांनी संप पुकारला तेव्हा डॉक्टरांनी नाकात ऑक्सिजन सोडणारं एक विजेचं मशीन दिलं. दिवसाचा बराच वेळ ते चालू हवं होतं. आण्णांना मात्र कागलजवळचा मळा सोडायचा नव्हता, आणि मळ्यातली लाईट म्हणजे रुसका जावई. आली तर आली.

मग मीच उपाय काढला. घडी घालता येणारं सोलर पॅनेल आणि त्यावर चार्ज होणारं पॉवर स्टेशन, म्हणजे हँडल लावलेली बॅटरीची एक मोठी पेटी, घेऊन गेलो. माझं शिक्षण कॉमर्सचं. पण चार व्हिडिओ बघून मी मळ्यात इंजिनिअर होऊनच उतरलो. अंगणात पॅनेल पसरायला वाकलो आणि पँटचं बटण तुटलं. बांधावरनं शेजारचे काका ओरडले, "काय पावणं, ऊस सोडून ऊन पिकवाय लागला व्हय?"

जोडणी झाली तसा मी आण्णांना दम भरला, "हे पुरलं नाही, तर गपगुमान कोल्हापूरला माझ्या फ्लॅटवर यायचं."

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

दर रविवारी जायचो. गेलो की आधी पेटीचा आकडा बघायचा. कायम शंभर टक्के. पॅनेलची काच धोतराच्या सोग्यानं पुसलेली. आण्णा सकाळी ते उगवतीकडं करत, दुपारनंतर मावळतीकडं, आणि तेवढ्यानंच धापा टाकत कट्ट्यावर बसत. मी मात्र ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, रंकाळ्यावर भेळ खाताना, दिसेल त्याला सांगत सुटलो होतो, की आमच्या मळ्यातलं ऊनच असं कडक, बॅटरी उतरतच नाही! वापरतंय कोण, हे एकानंही विचारलं नाही. आणि इंजिनिअरसाहेबांनाही सुचलं नाही.

एका रविवारी आण्णांचे ओठ निळसर दिसले. लाईट गेलेली, पेटी भरलेली, आणि मशीनची नळी गुंडाळून खुंटीला. मी आईवर ओरडलो.

"माझ्यावर कशाला वरडतोस? त्यास्नी इचार की," आई म्हणाली. "लाईट गेली की नळी काढून बसत्यात. पेटीला हात लावू देत न्हाईत."

"का आण्णा?"

त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "आभाळ आलं आन् पेटी संपली, तर न्हेशील की मला."

"मग? तिथं लाईट जात नाही."

"तितं माझं काय हाय रं?"

मी खुंटीवरची नळी काढून हातात घेतली. मग म्हणालो, "नाही नेत."

"हिच्यासमोर सांग."

"आईसमोरच सांगतोय. नाही नेत."

"संपली तरी?"

"संपली तरी."

"ऐकलं मी," आई म्हणाली. "घाला आता नळी."

आण्णा पुढं फार दिवस राहिले नाहीत. गेले, तेही मळ्यातल्या घरातच. पण मी शब्द दिला त्या रविवारी दुपारभर मशीन पेटीवर घरघरत होतं आणि आकडा उतरत होता. निम्म्यावर आल्यावर त्यांनी पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. नाही नेत, अशी मी मान हलवली.

मग त्यांना झोप लागली.