पुढच्या बॅचपर्यंत

"तूच झोप ना गं टेबलावर. पाच मिनिटांचं काम आहे."

सर असं म्हणाले तेव्हा मला आधी चेष्टाच वाटली. माझ्या हातात त्या दिवसाच्या वेळापत्रकाचे कागद होते. समोर परदेशातून आलेले सहा विद्यार्थी उभे होते, गळ्यात नवेकोरे स्टेथोस्कोप. दहा वाजता जी पेशंट यायची ती आली नव्हती. सर चेष्टा करत नव्हते. त्यांनी टेबलावरच्या चादरीवर थापटून मला जागा दाखवली, लहान पोराला दाखवतात तशी.

मी झोपले. हे आधीच सांगून टाकते. मला कुणी धरून आडवं केलं नाही. कागद खुर्चीवर ठेवले, चपला काढल्या आणि झोपले.

सरांनी माझा कुडता बरगड्यांपर्यंत वर सरकवला. विचारलं नाही. विद्यार्थ्यांना इंग्रजीत म्हणाले, "पोट कसं तपासायचं ते आज हिच्यावर बघू." त्यातल्या एका मुलीनं विचारलं, "तिला चालणार आहे का?" सर हसले. "आमच्याच स्टाफची आहे. हिला सवय आहे."

कसली सवय? मी तिथे मेल लिहायला होते, फोन घ्यायला होते. पोट उघडं टाकून पडायची सवय मला कधी लागली होती?

एकेक जण पुढे आला. गार बोटं. कुणी सॉरी म्हणालं, कुणी नाही. एकाने इतक्या जोरात दाबलं की मी श्वास धरला, तर सर म्हणाले, "सैल सोड, सैल सोड." पंख्याच्या पात्यावर धूळ साचली होती. माझ्या मनात काय आलं असेल? की सफाईवाल्या मावशींना सांगून हा पुसून घ्यायला हवा. अशा अवस्थेतही नोकरीच करत होते मी.

मग सरांनी अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली. "बघा, किती फिकट. मिठागराकडच्या या लोकांत रक्त कमीच. बायका तर सगळ्या अशाच. खातात काय, तर भात आणि सुकी मासळी."

सहा तोंडं माझ्या डोळ्यावर वाकली.

मला इंग्रजी येतं हे सरांना पक्कं ठाऊक होतं. या सहाही जणांना सरांच्या नावानं गेलेल्या मेल मीच लिहिल्या होत्या, आणि परदेशातल्या कॉलेजांनी त्या भाषेचं कौतुक केलं की सर ते खुशाल स्वतःच्या खिशात घालायचे. मी ऐकतेय, मला कळतंय, हे त्यांना माहीत होतं. त्यानं त्यांना काही फरक पडत नव्हता. हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

वसईत सरांचं छोटं हॉस्पिटल आहे. तीन वर्षं मी तिथे कामाला होते. परदेशातल्या डॉक्टरकीच्या मुलांना शिक्षणाचा भाग म्हणून काही आठवडे दुसऱ्या देशात जाऊन पेशंट बघायचे असतात. त्याला रोटेशन म्हणतात. ते जुळवून द्यायचं काम माझं. निमंत्रणाची पत्रं, व्हिसाचे कागद, लशींचे दाखले, कॉलेजची परवानगी. राहायची सोय वाडीतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे. पाणी उकळलेलंच मिळेल ना, डास किती आहेत, चर्च किती लांब आहे, सगळी उत्तरं मी द्यायची. ती मुलं वाईट नव्हती. शिकायला यायची, जाताना मला चॉकलेटं देऊन जायची.

आणि माझ्याकडे असायच्या केसेस.

त्यांच्या देशात आजार लवकर सापडतो, लवकर उपचार होतो. वाढलेली प्लीहा, पाण्यानं भरलेलं फुप्फुस, हृदयाच्या अरुंद झालेल्या झडपेचा आवाज तिकडे सहसा सापडत नाही. आमच्याकडे सापडतो. आमच्या माहितीपत्रकात एक वाक्य होतं: "तुमच्याकडे फक्त पुस्तकात उरलेली लक्षणं इथे प्रत्यक्ष अनुभवा." ते वाक्य मी लिहिलं होतं. सरांना फार आवडलं होतं. मलाही.

कॉम्प्युटरवर माझी यादी असायची. नाव, फोन, आणि पुढे लक्षण. औषधाचा रकाना नव्हता, कारण यादी त्यासाठी नव्हतीच. बॅच यायच्या आधी मी एकेकाला फोन करून बोलवायची. संमतीचा फॉर्म इंग्रजीत. मी बोट ठेवून दाखवायची, "इथे सही करा, इथे अंगठा." फॉर्ममध्ये लिहिलं होतं की ही तपासणी शिक्षणासाठी आहे, उपचारासाठी नाही. एवढं एकच वाक्य मी कुणाला समजावून सांगितलं नाही.

त्या बायका चांगलं लुगडं नेसून यायच्या. केसात फूल. गोरे डॉक्टर तपासणार म्हणजे मोठा इलाज होणार, असं त्यांना वाटायचं. वाटू दिलं.

मी जूचंद्रची. वडील मिठागरावर होते. मुलाखतीत सरांनी शिक्षण कमी विचारलं आणि हे जास्त: "घरची भाषा बोलतेस ना अजून?" मी हो म्हणाले तर खूश झाले. शाळेत, कॉलेजात त्या भाषेपायी माझी टिंगल झाली होती. मला वाटलं, बघा, शेवटी कुणाला तरी तिची किंमत कळली. ती कशासाठी हवी होती ते कळायला वेळ लागला. साहेबी मराठीत बोलावलं तर बायका बिचकतात, आपल्यातली पोर बोलली की येतात. मी त्यांना बोलावून आणायला ठेवलेली होते.

त्या दिवशी न आलेली पेशंट म्हणजे ताराबाय. आमच्याच गावची. जन्मभर मिठागरात आणि भातखाचरात राबलेली, आता पोरानं घेतलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहणारी. लहानपणी सांधे धरले, ताप आला, त्यात हृदयाची झडप खराब झाली. तिच्या छातीतला आवाज इतका स्पष्ट की पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्यालाही ऐकू यावा. सर तिला "आमचा हिरा" म्हणायचे. ती डाव्या कुशीवर वळायची, पदर बाजूला करून पडून राहायची, आणि एकामागून एक स्टेथोस्कोप लागायचे. जाताना माझ्या हातात सुकटीची पुडी ठेवायची. "घरा ने गो बाय." मी नेत होते. आई त्याची चटणी करायची.

महिन्यातून एकदा हॉस्पिटलात एक हृदयाचे डॉक्टर यायचे. त्यांनी ताराबायला तपासलं आणि मुंबईच्या सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली. झडप फुग्यानं उघडता येईल, उशीर करू नका. चिठ्ठी माझ्याकडे आली. पुढे पाठवायच्या आधी मी सरांना दाखवली. सरांनी ती वाचली आणि परत माझ्यासमोर ठेवली.

"फुगा घातला की आवाज गेला. मग पोरांना काय ऐकवायचं? पुढच्या बॅचपर्यंत थांबव. एवढ्यात काही मरत नाही ती."

मी चिठ्ठी खणात ठेवली. ताराबायला सांगितलं, मोठ्या दवाखान्यातून अजून तारीख आलेली नाही. आमच्या भाषेत सांगितलं, म्हणून तिनं विश्वास ठेवला. एक बॅच गेली. ही दुसरी. नऊ आठवडे झाले होते.

तर टेबलावरून मी उठले. कुडता खाली ओढला, चपला शोधल्या. विद्यार्थी वहीत काहीतरी लिहीत होते, बहुधा माझ्या पापणीचा रंग. सर मागून म्हणाले, "तिला फोन लाव. परवा आलीच पाहिजे म्हणावं. आणि एक तारखेच्या बॅचलाही तिलाच धर."

मी बाहेर येऊन फोन लावला. सुनेनं उचलला, मग ताराबाय आली. एवढंच बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं: "बाय, मना दम लागतंय गो. जिना उतरवत नाय. त्या मोठ्या दवाखान्याची तारीख आली काय?"

माझ्या पोटावर अजून त्या बोटांचा गारवा होता. तीन वर्षं मी हेच म्हणत आले होते, पाच मिनिटांचं काम आहे मावशे, झोप जरा. किती जणींना झोपवलं मी? कितींचा पदर मी माझ्या हातानं बाजूला केला? माझी एक सकाळ गेली तर माझा जीव जळत होता. ती नऊ आठवडे तारखेची वाट बघत बसली होती आणि मला मात्र रोज रात्री झोप लागत होती.

मला स्वतःची किळस आली. खण उघडला, चिठ्ठी घेतली आणि बाहेर पडले. रजा मागितली नाही.

ताराबाय भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की गुदमरायचं म्हणून रात्रभर तशीच बसलेली. पाय सुजलेले. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं, "मावशे, तारीख कंदी मागलीच नव्हती. चिठ्ठी माझ्याकरं व्हती."

तिला कळायला वेळ लागला. सुनेला आधी कळलं.

"तुना ठाव व्हतं?" ताराबायनं विचारलं.

"व्हतं."

"आनि तू माझी सुकट खाल्लीस."

  तिनं माझ्या हातातली चिठ्ठी घेतली आणि पोलक्यात खोचली. मग तोंड भिंतीकडे फिरवलं. सून म्हणाली, "आता नेनार कोन?" मी म्हणाले, मी नेते. त्याच दुपारी गाडी करून आम्ही तिघी मुंबईला गेलो.

तिथल्या तरुण डॉक्टरनं चिठ्ठीवरची तारीख पाहिली. "हे तर दोन महिन्यांपूर्वीचं आहे. इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं.

"मी ठेवून घेतली होती," मी म्हणाले.

त्यानं मान वर करून मला नीट पाहिलं, मग पुन्हा खाली घालून लिहायला लागला. तपासण्या झाल्या. फुप्फुसात पाणी. हृदयात रक्ताची गुठळी. गुठळी विरघळेपर्यंत फुगा घालता येणार नाही, आणि ती सुटून मेंदूत गेली तर अंग लुळं पडू शकतं. चिठ्ठी लिहिली तेव्हा गुठळी होती का, हे मी विचारलं. तो म्हणाला, या चिठ्ठीत तरी नाही लिहिलेलं.

ताराबाय तिथेच दाखल झाली. अजून तिथेच आहे. गुठळी विरघळली का, ते दर आठवड्याला बघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात गेले. सर विद्यार्थ्यांना घेऊन उभे होते, पुन्हा तेच टेबल.

"काल कुठे होतीस? ताराबाय उद्या येतेय ना?"

"मुंबईला दाखल केलंय तिला."

"कुणाला विचारून?"

"तिला विचारून."

सरांचा चेहरा बदलला. पोरांसमोर आवाज चढवायचा नाही म्हणून दात चावत म्हणाले, "आणि यांना मी काय दाखवू?"

मी इंग्रजीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "टेबल मोकळं आहे, सर. तुम्ही झोपा. पाच मिनिटांचं काम आहे." मग विद्यार्थ्यांकडे वळले आणि ज्या बाईच्या छातीवर ते स्टेथोस्कोप ठेवणार होते तिची चिठ्ठी नऊ आठवडे खणात का पडून होती, तेही सांगितलं. माझ्या खणात, हेसुद्धा. "तिला चालणार आहे का?" असं आदल्या दिवशी विचारणारी मुलगी रडायला लागली. तिचे डोळे पुसायला मला वेळ नव्हता.

"चालती हो," सर म्हणाले. आता मराठीत. "तुम्हा लोकांना खुर्चीत बसवलं हीच माझी चूक."

मी चालती झाले. उतरताना महिन्याचा हिशेब मनात सुरू झाला होता, खोटं कशाला सांगू. घरात माझाच पगार येत होता.

यादी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर राहिली, पण त्या सगळ्यांना फोन मीच केलेले, नंबर माझ्या मोबाइलमध्ये होते. मी एकेकाच्या घरी जायला लागले. नायगाव, नालासोपारा, खाडीकडच्या पाड्यांवर. त्या फॉर्मवर काय लिहिलं होतं ते सांगते. तुम्हाला काय झालंय आणि कुठे जायला हवं ते सांगते. कुणी चहा देतं. एका म्हाताऱ्यानं दारच लावून घेतलं. एका बाईनं विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललीस?"  मी मान खाली घालून ऐकते आणि पुढच्या घरी जाते.

आता आरोग्य खात्याकडे द्यायची तक्रार लिहिली आहे. कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकीलबाईंनी मसुदा तपासला. चांगल्या आहेत, पैसे घेतले नाहीत. त्यांनी एका परिच्छेदावर पेन्सिलनं काट मारली. "चिठ्ठी तुझ्या खणात होती, ताराबायशी खोटं तू बोललीस, हे काढून टाक. तू फक्त साक्षीदार राहा. नाहीतर ते सगळं तुझ्यावर ढकलतील आणि मोकळे होतील. पोलिसांत गेलं तर तुझंही नाव येईल. पुढे नोकरी कोण देईल तुला?"

त्यांचं खरं असेल. आईनंही तेच सांगितलं, हात जोडून.

पण चिठ्ठी थांबवली हे सर कबूल करणार नाहीत. कुठे लिहिलेलं नाही, कुणी ऐकलेलं नाही. त्या खोलीत दोघंच होतो, ते आणि मी. त्यांचा गुन्हा सांगणारं माणूस एकच आहे, आणि ते त्या गुन्ह्यात सामील होतं. मी स्वतःला वाचवलं तर तेही वाचतात.

वकीलबाईंच्या समोरच मी ती पेन्सिलची काट खोडरबरानं पुसली. परिच्छेद उचलून पहिल्या पानावर घ्यायला सांगितला, दोषींत आधी माझं नाव, मग सरांचं. सोमवारी अर्ज देणार आहे. जी शिक्षा व्हायची ती मला होऊ दे, पण माझ्या शेजारी सरही उभे राहतील.