नळीच्या टोकाला

शस्त्रक्रिया संपली की काढलेला भाग ट्रेमध्ये ठेवून बाहेर नातेवाइकांना दाखवायचा, ही आमच्याकडची रीत. गाठ मोठी असली की माणसं हात जोडतात. ही बाई मात्र ठणठणीत होती. तिची आई आणि मावशी, दोघी अंडाशयाच्या कॅन्सरने गेलेल्या. आईकडचं सदोष जनुक हिच्यातही निघालं, म्हणून आजार होण्याआधीच मी तिची अंडाशयं आणि गर्भनलिका काढल्या होत्या. ट्रे घेऊन बाहेर आले. मार्केट यार्डात कांद्याचा गाळा असलेला तिचा नवरा वाकून वाकून बघत राहिला.

"ह्यात खराब काय हाय?"

"खराब होऊ नये म्हणूनच काढलंय."

"म्हणजे चांगला माल फेकून दिला म्हणा की!"

शेजारी तिची धाकटी बहीण उभी होती. तेच जनुक तिच्यातही होतं आणि पुढच्या महिन्यात तिच्या घराजवळच्या इस्पितळात तिची शस्त्रक्रिया ठरली होती. तीही निरखून ट्रे बघत होती. मला त्या गृहस्थाचा भयंकर राग आला. पण खरं सांगायचं तर मलाही त्यात वावगं काही दिसत नव्हतं.

सकाळी शस्त्रक्रिया, दुपारी प्रयोगशाळा, यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. हा कॅन्सर सुरू कुठे होतो, एवढाच माझा प्रश्न. उत्तर शोधायला आम्ही सगळे अंडाशयच खोदत बसलो होतो. गर्भनलिकेचा, म्हणजे नळीचा, मधला एखादा काप घ्यायचा आणि बाकीची टाकून द्यायची, अशी पद्धत. परदेशातल्या काही डॉक्टरांना नळीच्या टोकाशी काहीतरी सापडल्याचं मी वाचलं होतं. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. तरी काप तपासणाऱ्या सहकाऱ्याला मी या बाईच्या दोन्ही नळ्या टोकापर्यंत बारीक चिरायला सांगितल्या.

"बारीक म्हणजे कोथिंबिरीइतक्या का बाईसाहेब?" तो म्हणाला.

तेवढे काप तपासायला बरेच आठवडे गेले. मग एका दुपारी त्याने मला बोलावलं. टोमणा नाही, काही नाही. नुसता सूक्ष्मदर्शकासमोरून उठला. अंडाशयं स्वच्छ होती. पण नळीच्या टोकाला झालर असते, तिच्या कडेला कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने बसल्या होत्या. मी स्लाइडवरचं लेबल पुन्हा वाचलं. अंडाशय हे या आजाराचं सासर होतं, माहेर इथे होतं. आणि ते माहेर आम्ही इतकी वर्षं बादलीत टाकत आलो होतो. शोध लागल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. मी हादरले होते.

थोरलीला बोलावून सगळं समजावून सांगितलं. आजार अगदी सुरुवातीला निघाला होता, त्यामुळे ती सुटकेने रडेल असं मला वाटलं. ती पांढरीफटक पडली.

"आन् धाकटीचं काय? तिनं आप्रेशन केलंच नाय, मॅडम. मीच नको म्हणलं. माझ्यात तर काय बी निघालं नव्हतं."

"उद्याच घेऊन या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. थोरलीने तिला काहीच सांगितलं नव्हतं, नुसतं मॅडमनी तपासायला बोलावलंय म्हणाली होती. धाकटी कोथरूडला राहायची. लेकीची बारावी होऊ दे, मग बघू, असं तिचं चाललं होतं. हसतच टेबलावर आडवी झाली.

"जेवण जात नाय, तरी पोट सुटत चाललंय बघा," ती म्हणाली.

मी तिच्या पोटावर हात ठेवला. आत पाणी झालं होतं, आजार पोटभर पसरल्यावर होतं तसं. एका बाजूला टिचकी मारली की दुसऱ्या बाजूच्या तळव्याला त्याची लाट लागत होती.

"काय नाय ना, मॅडम? आक्काचं ते ट्रेमधलं बघितलं, तवापासनं मी निर्धास्त हाय."

उशाशी उभ्या असलेल्या थोरलीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती तिथेच फरशीवर बसली.