बातम्यांतली सून

ओगुलशात रोज संध्याकाळी सात वाजता साऱ्या देशाशी बोलायची आणि घरी आली की तिचं तोंड बंद. तसं आमच्याकडे सगळ्याच सुनांचं असतं. सासऱ्यासमोर डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरायचं आणि जे काय सांगायचं ते मानेनं. पण टीव्हीवर बातम्या देणारीनं लग्न झाल्यापासून हे पाळावं, याची गल्लीला भारी गंमत.

"तुवाक आगा, सुनेचा आवाज ऐकायला तुम्हाला वीज लागते म्हणे," शेजारची सोनागुल तंदुरात रोट्या थापताना चिडवायची.

"लागू दे. वीज फुकट आहे," म्हातारा म्हणायचा.

बातम्या मात्र तो मांडी घालून, टोपी नीट करून ऐके. देशाच्या थोरल्या साहेबांनी घोड्याला गोंजारलं, कापूस अंदाजापेक्षा जास्त आला. सून सांगतेय म्हणजे खरंच. या पोरीनं आपल्याला कधी खोटं सांगितलं नाही, असं तो चारचौघांत म्हणे. घरात तिनं काहीच सांगितलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

ओगुलशातला वाचताना काही वाटत नसे. दुपारी मजकूर हातात येई, कुठे हसायचं तेही त्यात लिहिलेलं. ती तिथे हसे.

त्या उन्हाळ्यात खोकल्याची साथ आली. तिनं वाचलं: देशात एकही रुग्ण नाही, हवेत फक्त धूळ आहे. त्याच आठवड्यात तिची सासू एनेगुल अंथरुणाला खिळली.

"अब्बा, रुग्णवाहिका बोलावतो," नवरा चारी म्हणाला.

"कशाला? तुझीच बायको काल काय म्हणाली? धूळ आहे. गुळण्या करायला मीठपाणी दे."

चारीनं फोन खाली ठेवला. बातम्या देणारीच्याच घरात नसलेला आजार निघाला, तर तिची नोकरी जाणार, वर चौकशी होणार, हे त्यालाही कळत होतं.

सोनागुल रस्सा घेऊन आली, एनेगुलकडे पाहून थबकली. "आगा, हिचे ओठ निळे पडलेत. तुमच्या घरातली धूळ निळी आहे का?"

म्हातारा हसला नाही. ओगुलशातनं दातांतलं टोक सोडलं.

"मामंजी, ते खोटं आहे. मला लिहून देतात. आईंना दवाखान्यात न्या."

आवाज तोच, बातम्यांतला, सपाट. टीव्हीवर कालच्या बातम्या पुन्हा लागल्या होत्या. तुवाकनं पडद्याकडे बोट केलं.

"मग ती कोण?"

ओगुलशातनं पाहिलं. केस नीट, पाठ ताठ. तिच्यावर कुणीही विश्वास ठेवला असता.

"तोंड झाक," म्हातारा म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी एनेगुलची शुद्ध हरपली, तेव्हा चारीनं बापाला न विचारता तिला सोनागुलच्या नवऱ्याच्या गाडीत घातलं. ती दवाखान्याच्या दारातच गेली. "हृदय," डॉक्टर मान वर न करता म्हणाले आणि लगेच कोपरात खोकले.

मयताच्या सातव्या दिवसाच्या जेवणाला गल्ली आली. कढईत पुलाव होता. लोक बाहीत खोकत जेवले. बाई कशानं गेली, हे कुणी विचारलं नाही. एरवी कुणाला न सोडणारी सोनागुलही एवढंच म्हणाली, "मीठ बरोबर पडलंय."

सगळे गेल्यावर तुवाक आत गेला आणि लाल रेशमी कापड घेऊन आला. आमच्यात सासऱ्यानं कापड दिलं की सुनेचं तोंड मोकळं होतं. त्यानं ते तिच्या मांडीवर ठेवलं.

"आजपासून माझ्यासमोर बोलायचं. सांग, काय झालं होतं तिला?"

ओगुलशातनं टोक सोडलं. म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला, टोपी नीट करून.

"हृदय बंद पडलं, मामंजी."

"नक्की?"

"हो."

त्यानं मान हलवली. बाहेर तिला न्यायला कामाची गाडी आली होती. कापडाची घडी करून ती उठली.