अनिताच्या गॅरेजातलं तापलं तेल

सुदुंबऱ्यात गाडीखाली झोपून काम करणारी बाई एकच, अनिता. लग्नाआधी ती तळेगावच्या कारखान्यात मशिनींचे पाइप जोडायची. नवरा कैलास गॅरेजवाला, त्याच्यासोबत राबता राबता इंजिन शिकली. कैलास हायवेवर अपघातात गेला तेव्हा गाव धरून चाललं की आता शटर पडलं. तेरावा झाला आणि तिनं ते उघडलं. बाई फार बोलायची नाही. राग गिळायची, आणि तो आत साठत राहायचा.

गॅरेजची जागा रस्त्याला लागून, म्हणून दीर सोपानला ती विकायची होती. अनितानं सही नाकारली तशी त्यानं आधी विजेची तार तोडली, मग तिचं कुत्रं मारून दारात टाकलं. एकदा भर चौकात तिच्या कानफटात मारली. सासू लीलाबाई अनिताकडंच, गॅरेजमागच्या खोलीत राहायची. लेकाला ती शिव्या घालायची आणि त्याच्यासाठी भाकरीही झाकून ठेवायची.

त्या उन्हाळ्यात लोणावळ्याच्या वरदनं आपली टर्बो गाडी आणून सोडली. खंडाळ्याचा घाट जोरात चढवला की इंजिनातलं ऑइल भलतंच तापायचं, म्हणून त्यानं ऑइल कूलरचं किट मागवलं होतं. अनितानं पुढचा बंपर उतरवला, रेडिएटरपुढं कूलर बसवला, फिल्टरजवळून दोन पाइप आणून आवळले. ऑइल तापल्याशिवाय ते कूलरकडं वळत नाही. म्हणून गळती बघायला ती गाडीत बसून, काच खाली करून इंजिन तापवत होती.

सोपान पहार घेऊनच आला. पहिला घाव खिडकीवर टेकलेल्या तिच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचं तिला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आलं.

"आता कशानं पाने फिरवतीस बघतो," तो म्हणाला आणि गाडीपुढं गेला. दुसऱ्या घावानं दिवा फुटला. तिसरा उघड्या कूलरवर पडला. कूलर फाटला आणि तापलेल्या तेलाची धार त्याच्या तोंडावर, गळ्यावर उडाली. तो गुडघ्यांवर कोसळला, किंचाळत राहिला, धार त्याच्यावर येतच राहिली.

अनितानं समोरच्या काचेतून ते पाहिलं. मग तिनं ॲक्सिलेटर दाबला, तशी धार आणखी जोरात उडाली. ऑइल संपल्याचा लाल दिवा लागला तेव्हाच डाव्या हातानं किल्ली फिरवली. खाली उतरून टाकीतलं पाणी तिनंच त्याच्या अंगावर ओतलं. शेजाऱ्यांनी दोघांना एकाच टेम्पोतून दवाखान्यात नेलं.

सोपानचा एक डोळा गेला. त्यानं आपल्याच हातानं ओढवून घेतलं, असं गाव म्हणालं, पोलिसांनीही तसंच लिहिलं. तो पुन्हा गॅरेजकडं फिरकला नाही.

अनिताचा हात प्लास्टरमध्ये असताना लीलाबाई तिची वेणी घालायची. एका सकाळी केस विंचरता विंचरता तिनं विचारलं, "त्यो वरडला तवा गाडी बंद का न्हाई केलीस?"

"हात मोडला व्हता, आत्याबाई."

"एक मोडला व्हता." कंगवा चालूच होता. "आन् गाडीचा आवाज कमी न्हाई झाला, वाढला. मी हितून ऐकला."

अनिताला खोटं बोलता आलं असतं. "व्हय," ती म्हणाली.

लीलाबाईनं वेणी पुरी केली, टोकाला रिबीन घट्ट बांधली. दुपारी लुगडी गाठोड्यात बांधून ती सोपानच्या घरी गेली. पोलिसांना तिनं काही सांगितलं नाही, आणि अनिताकडं परत राहायलाही आली नाही.