आपटून दाखवा

आमच्या कंपनीचा माल म्हणजे न फुटणाऱ्या ताटल्या, पेले आणि डबे. तो दुकानोदुकानी फिरून विकणारे सहा जण, आणि त्यांतले सगळ्यांत जुने ते धपकाका. खरं नाव पगारपत्रकात आहे, ते तिथंच राहू दे. तीस वर्षं या माणसानं एकच केलं. दुकानदारानं "टिकेल का?" असं विचारलं, की ताटली डोक्याइतकी वर धरायची आणि फरशीवर सोडायची. धप. ती पडत असताना काका ताटलीकडे बघतच नाहीत, दुकानदाराकडे बघतात. मग वाकून उचलतात, बाहीला पुसतात आणि ऑर्डरबुक उघडतात. बाकीच्या पाच जणांना हे कधी जमलं नाही.

यंदा साहेबांच्या डोक्यात आलं, की कागदी ऑर्डरबुकं बंद. फिरतीवरच्या प्रत्येकाला एकेक यंत्र द्यायचं, म्हणजे दुकानातून ऑर्डर थेट ऑफिसात. यंत्र निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण खरेदी मी बघते आणि 'नाही' म्हणायला मला वेळेवर सुचत नाही. मी वजन, बॅटरी, पडदा असा झकास तक्ता केला आणि पंख्याखाली खुर्चीत बसून एक टॅब्लेट निवडला. इतका पातळ, की कागदांत ठेवला तर शोधावा लागे. मला तो फार आवडला होता, हे कबूल करते.

आधी एकच मागवला आणि आठवडाभर काकांना वापरायला दिला. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. काकांना जमलं तर सगळ्यांना जमेल, आणि नाही जमलं तर काकांनी फिरती सोडून गोदामात बसावं. काकांचा चेहरा असा उतरला की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग त्यांनी कंबर कसली. घरी काकू खोट्या दुकानदार झाल्या. सकाळच्या चहाआधीच त्या दोन डझन पेले मागवायच्या, मग ऑर्डर बदलायच्या, मग नकोच म्हणायच्या. तीस वर्षांत गिऱ्हाइकांनी छळलं नाही तेवढं बायकोनं पाच दिवसांत छळलं, असं काका सांगत. सहाव्या दिवशी मी त्यांच्याबरोबर फिरतीवर गेले, तर ते एका बोटानं माझ्याहून भराभर ऑर्डर भरत होते. चार दुकानं सुरळीत पार पडली आणि मला माझंच कौतुक वाटायला लागलं.

पाचवा भांडीवाला, काकांचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं टॅब्लेटकडे बघून सहज विचारलं, "हे टिकेल का?"

काकांचा हात वर गेला. मी तोंड उघडेपर्यंत धप झालंसुद्धा. काकांनी दुकानदारावरची नजर न काढता वाकून टॅब्लेट उचलला, बाहीला पुसला, आणि मग खाली बघितलं. पडद्याचा चुरा बाहीला लागला होता.

भांडीवाल्यानं बराच विचार केला. "ताटल्या पाठवा शंभर," तो म्हणाला. "हे नको."

दुसऱ्या दिवशी काका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मला राहवेना. साहेबांच्या खोलीत जाऊन मी म्हणाले, "फोडलं काकांनी, पण निवडलं मी. आणि बसून निवडलं. आपल्या माणसांना दुकानात बसायला मिळत नाही, हे माझ्या तक्त्यातच नव्हतं." साहेबांनी पुन्हा निवडायला सांगितलं.

या वेळी मी गोदामात गेले आणि काकांनाच विचारलं, की यंत्राचा दिवस कसा जाईल. काका सांगायला लागले आणि मला माझ्या तक्त्याची लाज वाटली. एका खांद्याला नमुन्यांची पिशवी, म्हणून यंत्र एका हातात मावलं पाहिजे. भर उन्हात ऑर्डर घेताना पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसून उपयोग नाही. काउंटर तेलकट, बोटं जाड, आणि चारला बॅटरी संपली तर पाचचा दुकानदार कुणासाठी थांबणार? "आणि पडणार," काका म्हणाले. "मी नाही आपटलं तरी पडणार."

यंत्रं विकणारे तीन जण बोलावले. काकांनाही बसवून घेतलं. त्यांनी प्रत्येकाला एवढंच विचारलं, आपटून दाखवता का? पहिला हसला. दुसऱ्यानं गॅरंटीचा कागद काढला. तिसरी एक बाई होती. तिचं यंत्र काळं, जाडजूड, मागे हात अडकवायला पट्टा, दिसायला विटेचं भावंड. तिनं ते सरळ वर धरून सोडलं, आणि ते पडत असताना ती काकांकडे बघत होती. काका उठून उभेच राहिले. मग खांद्याला पिशवी अडकवून त्यांनी एका हातात ते यंत्र धरलं आणि उभ्या उभ्या ऑर्डर भरून दाखवली. साहेब म्हणाले, उद्या एक दिवस फिरा. संध्याकाळी यंत्र धड परत आलं तर फिरती तुमची.

आम्ही आधी भांडीवाल्याकडेच गेलो. त्यानं काकांना अर्धी ऑर्डर भरू दिली आणि मग विचारलंच, "हे तरी टिकेल का?"

काकांचा हात वर गेला नाही. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं आणि मला फार वाईट वाटलं. त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं.

"हिनं निवडलंय," ते म्हणाले. "ही दाखवेल."

मी आयुष्यात रागानं चमचासुद्धा आपटलेला नाही. हात वर केला, डोळे घट्ट मिटले आणि सोडलं. धप. डोळे उघडले तर अर्धी भरलेली ऑर्डर पडद्यावर जशीच्या तशी होती. भांडीवाल्यानं ती वाढवून दीडशेची केली.

दुकानाची पायरी उतरताना काका म्हणाले, "डोळे मिटायचे नसतात, पोरी. गिऱ्हाईक माल बघत नाही, आपले डोळे बघतं." मग पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत त्यांनी पुढच्या दुकानाकडे हात केला. "चल, तिथं नीट कर."