न हललेला पाय

अर्धांगवायूनंतर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या पायाला व्यायाम द्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी रोज सकाळी घरी येते. त्यांच्या तळपायाला हात टेकवून ती म्हणते, “काका, ढकला मला.” अण्णा डोळे मिटून जोर लावतात. पाय तसूभरही हलत नाही. तरी ती म्हणते, “छान! जोर येतोय हं.”

मला तिचा संशय यायचा. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. बल लावूनही वस्तू हलली नाही, तर कार्य शून्य आणि वस्तूला ऊर्जा मिळत नाही, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. पण इथे मुळात बल तरी होतं का? की आजारी माणसाचं मन राखायला ही रोज गोड बोलत होती?

काल न राहवून म्हटलं, “मी हात ठेवून बघू?” ती लगेच बाजूला झाली.

अण्णांच्या कपाळावर घाम फुटला, मान थरथरली. पाय जागचा हलला नाही. पण माझ्या तळहाताला दाब जाणवला, मांजरानं डोकं टेकवावं इतका हलका. माझ्या हाताला ऊर्जा मिळालीच नव्हती. ती त्यांच्याच स्नायूंत उष्णता होऊन संपत होती. त्या शून्यापायी एखादा माणूस घामाघूम होतो, हे मी कुठल्याच वर्गाला सांगितलं नव्हतं.

“खरंच लागतोय का गं जोर?” अण्णांनी हळूच विचारलं.

म्हणजे इतके दिवस त्यांनाही तिचा संशय होता.

“लागतोय, अण्णा,” मी म्हटलं. “माझ्या हाताला लागतोय.”