एका सिलिंडरची हवा

पाण्यावर इतका जीव असलेला आणि पाण्यानं इतका छळलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. जवळा बाजार या आमच्या गावात शाळेसमोर त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं आणि सगळा गाव त्याला मामू म्हणायचा. विहिरीत मोटार पडो, बादली पडो, नाहीतर माणूस, बोलावणं मामूलाच. तो सदरा काढून माझ्या हातात द्यायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि बुडी मारायचा. वर आला की आधी खोकायचा, मग हसायचा.

सिद्धेश्वरच्या धरणात एक मासेमार नाव उलटून बुडाला, तेव्हा मात्र तो हसला नाही. सात बुड्या मारूनही तळ गाठता आला नाही. प्रेत तिसऱ्या दिवशी आपोआप वर आलं. "दम कमी पडला, मास्तर," एवढंच मामू म्हणाला. महिनाभरानं पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ गोव्याला जाऊन पाठीला हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली पोहायला शिकून आला आणि येताना त्या सामानाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला. माझ्या हालांना तिथून सुरुवात झाली. शाळा सुटली की मी वाचायचं आणि त्यानं शंका काढायच्या. पायात घालून न बघता चपला विकत घेणारा हा माणूस पोहताना पायात घालायच्या रबरी पंखांवरून, म्हणजे फिन्सवरून, तीन आठवडे अडून बसला. वर्तमानपत्रावर पाय ठेवून पेन्सिलीनं त्यांचे नकाशे काढले. पाय इतके पसरट, की पुस्तकातलं एकही माप त्यांना बसेना.

शेवटी आम्ही मुंबईच्या एका दुकानात गेलो. "आप डाइव्ह कहाँ करते हैं?" तिथल्या तरुणानं विचारलं. "सिद्धेश्वर में," मामू म्हणाला. "ये कौनसा आयलंड है?" "औंढे के पास," मामूनं खुलासा केला. मग मास्क. तोंडाला लावून नाकानं श्वास ओढायचा आणि हात सोडायचा; चिकटून राहिला तर तो आपला. अकरा मास्क मामूच्या ओंजळीत गळून पडले. त्या तरुणानं अदबीनं त्याच्या मिशांकडे बोट केलं. "निकाहाच्या आधीपासूनची हाय वो," मामू माझ्याकडे बघून कळवळला. तरी उठला, समोरच्या सलूनमध्ये गेला. परत आलेला माणूस मी ओळखला नाही. बारावा मास्क चिकटला.

भरलेला सिलिंडर घेऊन आम्ही रेल्वेनं परभणीला उतरलो, तर एसटीचा कंडक्टर आडवा आला.

"गॅसची टाकी चालत न्हाई."

"गॅस न्हाई, हवा हाय."

"हवा? मुंबईहून काहून आणून राहिले? जवळ्यात हवा न्हाई का?"

अख्खी बस हसली. मामूही हसला. पण गावी पोचल्यावर कळलं, की ही हवा संपली तर सिलिंडर पुन्हा भरायची सोय जिल्ह्यात कुठेच नाही. पंक्चरवाल्याच्या मशीनची हवा तेलकट, माणसानं ओढण्याजोगी नाही, असं मीच त्याला पुस्तकातून वाचून दाखवलं.

"म्हंजी एकदाच?"

"एकदाच."

त्यानं सिलिंडर गोधडीत गुंडाळून दुकानाच्या कोपऱ्यात उभा केला. दर शुक्रवारी नमाजहून आला की सिलिंडरवरच्या मीटरच्या काट्यावर हवा बराबर आहे ना, बघायचा. एकदा मौजेखातर धरणात उतर, असं मी कितीदा म्हटलं. "आन उद्या कुणी बुडालं तर?" तो विचारायचा. इतक्या हौसेनं पारखून घेतलेलं ते सामान कुणाच्या तरी मरणाची वाट पाहत पडून होतं, आणि त्या विचारानं मलाच दुकानात बसवेना.

पुढच्या उन्हाळ्यात तांड्यावरचा एक तरणा गडी धरणात बुडाला. त्याची माय सकाळपासून काठावर बसून होती. मामूनं सगळं अंगावर चढवलं. त्या अवतारावर कुणीही हसलं नाही. कमरेच्या दोराचं टोक मी धरलं होतं. बराच वेळ नुसते बुडबुडे येत राहिले. मग मामू वर आला, गड्याला कवेत घेऊन. मायनं लेकाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं त्याचे केस पुसू लागली.

लोक पांगल्यावरही मामू पायातलं न काढता काठावर बसून राहिला.

"खाली काहीच दिसत न्हाई, मास्तर. निसता गाळ. हातानंच चाचपडावं लागलं," तो म्हणाला. "पन घाई नव्हती. पोरगं घावलं, तवा अर्धी हवा बाकी होती. वाटलं, जरा फिरून यावं. आपल्यासाठी."

"मग?"

"वर त्याची माय बसून राहिली होती ना."

तो पाण्याकडे बघत राहिला. ऊन कललं, तरी मी त्याला चल म्हटलं नाही.